कर्ज मुलाचे, सही बापाची

जून-जुलै आला की आमच्या खानापूर-बेळगाव भागात रोपलावणीबरोबरच प्रवेशांची धावपळ सुरू होते. महाराष्ट्रात सीमाभागातील मराठी मुलांसाठी राखलेल्या जागेवर नंबर लागला तर कोल्हापूर-पुणे, नाहीतर इथलेच इंजिनिअरिंग कॉलेज. भात-उसाच्या पैशातून हा खर्च निघत नाही, म्हणून शैक्षणिक कर्ज आले.

चार वर्षांत दरवर्षी पावणेदोन लाख, असे सात लाख उचलले आणि व्याज दहा टक्के धरले, तर शिक्षण व त्यानंतरचे एक वर्ष या सवलतीच्या काळात सरळ व्याजच सुमारे 2.45 लाख होते. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर हप्ता साडेबारा हजारांच्या घरात जातो. वीस-पंचवीस हजारांच्या पहिल्या पगारात हे कसे बसावे? मग मुलगा मिळेल ती नोकरी धरतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिकाऊ म्हणून राहून पुढे स्वतःचे वर्कशॉप काढण्याचा विचार तिथेच संपतो.

वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सवलतीच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. ही योजना 2009 पासून आहे. मात्र ती बँकांच्या ठरलेल्या शैक्षणिक कर्जालाच लागू होते. बँकेत हेलपाटे घालून कंटाळलेला माणूस ओळखीच्या पतसंस्थेतून पैसे उचलतो आणि या सवलतीला मुकतो.

साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नसले, तरी बाप सहकर्जदार असतोच. हप्ते थकले की सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक) दोघांचेही बिघडते आणि पुढे ट्रॅक्टरसाठी बँकेत गेलेल्या बापाला मुलाच्या थकबाकीचे कारण ऐकून परतावे लागते. सोयरिकीच्या बैठकीतही हल्ली शेती किती, याच्या जोडीने कर्ज किती, हे विचारले जाते (आणि उत्तर बहुधा कमी करून सांगितले जाते).

सर्वांत जास्त खटकते ते मुलींचे. थोरल्याचा हप्ता चालू असताना धाकटीने बीएस्सी नर्सिंगचे नाव काढले, की ‘ती उद्या सासरी जाणार, फेडणार कोण?’ हा प्रश्न घरात येतो, आणि तो विचारणारे काका-मामा थोरल्याच्या वेळी मात्र गप्प असतात. वास्तविक तिचा अर्ज स्वतंत्र असतो, व्याजसवलतीचा हक्कही तिचा स्वतःचा असतो आणि लग्नानंतर कर्ज तिच्याच नावावर राहते. नोकरी लागल्यावर ते तिनेच फेडायचे असते. पण हे घरात सांगायला बँकेचा माणूस येत नाही, आणि तिला ‘तूर्त बीए कर’ असे सांगून विषय मिटवला जातो.