कांद्याचे पडदे

टोपलीतला कांदा जिवंत असतो. हे वाक्य मी घरात म्हटलं की लोक हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघतात. जिवंत म्हटल्यावर आपल्याला काहीतरी हलणारं, निदान हिरवं तरी लागतं. कांदा आपला बटाट्यांशेजारी गप्प पडून असतो. पण ज्याने चाळीत कांदा भरलाय त्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि पार दिवाळीपर्यंत थांबतो. चाळीला खालून वारा लागायला हवा, बाजूंना फटी हव्यात, ढीग फार उंच लावायचा नाही, कारण कांदा उबतो. बंद खोलीत कोंडला तर त्याला घाम सुटतो आणि मग वास सांगतो पुढचं. भाव वाढायची वाट बघत ठेवलेल्या मालात जी घट येते, तिच्यातला एक वाटा कांद्याच्या श्वासाचा असतो. आतली साखर हळूहळू जळते, त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊब बाहेर पडते. आपण चालताना, झोपताना, हे वाचताना आपल्या पेशींत जे चाललेलं असतं तेच.

हे जळण ज्या तंतुकणिकांत होतं, त्या आपण शाळेत अर्ध्या मार्कासाठी पाठ केल्या. ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ असं लिहिलं की मार्क मिळायचा. पेशी म्हणजे एक कारखाना, केंद्रक म्हणजे मॅनेजर, गॉल्गी पिंड म्हणजे पॅकिंग विभाग, ही उपमा मला तेव्हाही कंटाळवाणी वाटायची. कारखाना रविवारी बंद ठेवता येतो. पेशी एक दिवस बंद ठेवून बघा.

पेशीची आणि आपली पहिली भेट बहुतेक सगळ्यांची कांद्याच्या पापुद्र्यावरच होते. कांद्याची फोड घ्यायची, ती आतल्या बाजूला मोडायची, चिमट्याने पापुद्रा सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर आयोडीन. मग बाई म्हणायच्या, “एकेकाने या रे, ढकलू नका.” काच तिरपी न टेकवता आडवी टाकल्यामुळे बहुतेक पट्ट्यांवर हवेचे बुडबुडे असायचे. काळ्या कडेचे, गोल गरगरीत, पेशीपेक्षा कितीतरी देखणे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या वहीत त्या बुडबुड्यांच्याच आकृत्या असायच्या, नावं देऊन. कुणी तरी बुडबुड्याला केंद्रकही काढलेलं असायचं.

खरी पेशी बुडबुड्याइतकी चमकत नाही. विटांच्या भिंतीसारख्या लांबट चौकटी दिसतात आणि प्रत्येकीत कडेला सरकलेला एक पिवळसर ठिपका. हा ठिपका, म्हणजे केंद्रक, मध्ये का नसतो याचं उत्तर कुणी तेव्हा दिल्याचं आठवत नाही. मधली जागा रिक्तिकेने अडवलेली असते. पूर्ण वाढलेल्या पेशीत ही पाण्याने भरलेली पिशवी जवळजवळ सगळी पेशी व्यापते. बाकी संसार, केंद्रक, तंतुकणिका, रायबोसोम, सगळे तिच्या आणि भित्तिकेच्या मधल्या चिंचोळ्या बोळात राहतात.

आयोडीनने पेशी मरते. ते न टाकता, नुसत्या पाण्यात पापुद्रा ठेवून, प्रकाश जरा कमी करून शांतपणे बघितलं तर त्या बोळातून बारीक कण वाहताना दिसतात. एक कण निघतो, कोपऱ्यावर रेंगाळतो, मागून दुसरा येतो, मग दोघं वळतात. काही धागे रिक्तिकेच्या आरपार गेलेले असतात, त्यांवरूनही ये-जा चाललेली असते. सगळा माल आतल्या प्रथिनांच्या तंतूंवरून ओढला जातोय. बाजारातून आणलेला, आठवडाभर टोपलीत पडलेला, अर्धा चिरून झालेला कांदा, आणि त्याच्या सालपटात ही लगबग. मला विचाराल तर हे मुलांना दाखवायला हवं. आकृती काढायला मात्र फार अवघड जाईल, हे कबूल.

रॉबर्ट हूकला १६६५ साली हे दिसलं नव्हतं, कारण त्याने घेतलं होतं बूच. बूच म्हणजे मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. एका घनइंचात अशी सव्वाशे कोटींच्या वर घरं बसतील, असा हिशोबही त्याने करून ठेवला. बिऱ्हाड केव्हाच उठून गेलेलं होतं.

भिंत दिसायला सोपी असते. खरी गंमत आहे तिच्या आतल्या प्रद्रव्यपटलात. भित्तिका जाड, सेल्युलोजची, पाण्याला कुठेही न अडवणारी. पटल मात्र स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं, एका मिलिमीटरचे लाख भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही पातळ. एवढ्याशा पडद्यावर आत काय घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं याची सगळी जबाबदारी. ते बघायला लाल कांदा घ्यावा. त्याचा जांभळा रंग पाकळीच्या वरच्या पापुद्र्यातल्या पेशींच्या रिक्तिकांत विरघळलेला असतो. त्यामुळे वेगळं काही रंगवावं लागत नाही. जांभळा पापुद्रा काचपट्टीवर घ्यायचा, काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढायचा. दोन-चार मिनिटांत चौकटीच्या कोपऱ्यांतून रंग सुटायला लागतो. भित्तिका जागेवरच राहते आणि आतला जांभळा ऐवज आकसत आकसत मधोमध गोळा होतो. रंग गडद झालेला असतो, कारण गेलंय ते पाणी, रंग आतच आहे. मग साधं पाणी ओढायचं. गोळा फुगतो, कोपरे भरतो, पेशी पुन्हा पहिल्यासारखी.

हाच प्रयोग आपल्या घरात रोज होतो. “अरे, मीठ आत्ताच घालू नकोस, पाणी सुटेल,” असं आई कोशिंबीर करताना ओरडते, तेव्हा ती परासरणाविषयीच, म्हणजे पटलातून होणाऱ्या पाण्याच्या ये-जेविषयीच, बोलत असते. कांदा दाताखाली करकरीत लागतो तो आत दाबून भरलेल्या पाण्यामुळे. ते पाणी भित्तिकेवर रेटा देतं, भित्तिका तो रेटा धरून ठेवते. मीठ पडलं की रेटा गेला, कांदा लुळा आणि वाडग्याच्या तळाशी तळं. मलूल कोथिंबिरीची जुडी देठ पाण्यात ठेवली की तासाभरात मान वर करते, तेही हेच उलट्या बाजूने. पाणी पटलातून इतक्या सहज कसं जातं, याचं कोडं बरीच वर्षं होतं. अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२च्या सुमारास दाखवलं की पटलात खास पाण्यासाठी प्रथिनांच्या नळ्या असतात. एकेका नळीतून सेकंदाला अब्जावधी रेणू सरकतात, पण रेणूंची रांग एकपदरीच असते आणि दुसऱ्या कुणाला घुसता येत नाही. २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नळी सापडली ती माणसाच्या तांबड्या पेशीत. कांद्यातही तिची भावंडं आहेतच.

आता रडण्याविषयी. कांदा मुळात तिखट नसतो. अख्खा कांदा हुंगून बघा, फारसं काही नाही. पेशीद्रव्यात गंधकयुक्त एक निरुपद्रवी पदार्थ असतो आणि रिक्तिकेत एक एन्झाइम. दोघांच्या मध्ये एकच पडदा, आणि तो शाबूत असेपर्यंत दोघं महिनोन् महिने शेजारी नांदतात. विळी फिरली की पडदा फाटतो, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत साखळी सुरू होते. तिच्या शेवटी जो वायू तयार होतो तो डोळ्यांतल्या ओलाव्यात विरघळतो, चुरचुरतो आणि डोळा तो धुऊन काढायला पाणी सोडतो. या साखळीत शेवटचा वायू तयार करायला आणखी एक स्वतंत्र एन्झाइम लागतं, हे जपानी संशोधकांनी २००२ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. त्यांना २०१३ साली इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार. कांद्यावर संशोधन करून रडू येण्याऐवजी टाळ्या मिळवणारे हे विरळाच.

एवढं कळलं की स्वयंपाकघरातले अर्धे सल्ले आपोआप लागतात. धार चांगली असली की पेशी कापल्या जातात, चिरडल्या कमी जातात, म्हणून डोळेही कमी झोंबतात. फ्रीजमधला गार कांदा कमी रडवतो, कारण थंडीत एन्झाइम मंदावतं. अख्खा उकडलेला कांदा गोडसर लागतो, कारण पडदा फाटायच्या आधीच एन्झाइम शिजून कामातून गेलेलं असतं. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा सुरीने चिरलेल्यापेक्षा गोड लागतो असं शपथेवर सांगणारी माणसं माझ्या नात्यात आहेत. बुक्कीने पेशी चेंगरतात हे दिसतंच आहे, तेव्हा शास्त्राने तो तिखट व्हायला हवा. पण ठेचा, पिठलं आणि शेतावरची भूक समोर असताना शास्त्र काढणाऱ्याला कोणी दुसरी भाकरी वाढत नाही.

त्या कडेला ढकललेल्या ठिपक्यात काय असतं, हे ऐकून मी थोडा वेळ कांद्याकडे आदराने बघितलं होतं. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात. कांद्याच्या, सुमारे सोळा अब्ज. पाचपट! कांद्याच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर दहा मीटरच्या वर भरेल, म्हणजे अख्ख्या नऊवारीहून लांब, आणि घडी घालून ठेवलाय नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यात. कांद्याला एवढं काय सांगायचं असतं? बराचसा भाग पुन्हा पुन्हा आलेल्या त्याच त्या मजकुराचा आहे. माणसाच्या गर्वाला उतारा म्हणून जनुकशास्त्रात ही तुलना मुद्दाम देतात: अमुक लांबीचा डीएनए माणसाला गुंतागुंतीसाठी लागतो असं कुणी म्हणालं, की मग कांद्याला पाचपट कशाला, असं विचारायचं.

ही नऊवारी फक्त सोळा गुणसूत्रांत विभागलेली असते. गुणसूत्रं मोठी, ठळक आणि मोजकी, म्हणून पेशीविभाजन बघायला कॉलेजात कांद्याचंच मूळ घेतात. पाण्याच्या ग्लासवर कांदा बूड टेकवून ठेवायचा, पांढरी मुळं फुटली की टोकं छाटायची, रंगवायची आणि काचेखाली अंगठ्याने दाबून चपटी करायची. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली अशाच मुळांवर कोल्चिसिन टाकलं. या विषाने विभाजन अर्ध्यात अडकतं आणि गुणसूत्रं जागच्या जागी ताटकळत उभी राहतात. मोजायला बरी.

त्या काळी माणसाची गुणसूत्रं अठ्ठेचाळीस आहेत असं सगळी पुस्तकं सांगत होती. १९२३ पासून तोच आकडा चालत आला होता आणि पुढच्यांना मोजताना अठ्ठेचाळीसच दिसत होती. १९५५च्या डिसेंबरात लुंड इथे लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत जावात जन्मलेले जो हिन त्यिओ माणसाच्या पेशी बघत होते. कांद्याच्या मुळांवर पिकलेल्या युक्त्या त्यांनी इकडे वापरल्या: कोल्चिसिन आणि दाबून चपटं करणं. जोडीला पेशी फिकट क्षारद्रावणात ठेवायच्या. माणसाच्या पेशीला भित्तिका नसते, त्यामुळे अशा द्रावणात ती पाणी पिऊन फुगते आणि आतली गुणसूत्रं मोकळी मोकळी होतात. कोशिंबिरीतल्या मिठाची हीच उलटी बाजू. मोजली तर सेहेचाळीस. पुन्हा मोजली, सेहेचाळीसच. १९५६ साली दोघांनी ते प्रसिद्ध केलं आणि अठ्ठेचाळीस पाठ केलेल्या एका पिढीचं उत्तर चुकलं.

विभाजन अडवायला विषच लागतं असं नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ नावाचं केंद्र उभारलं. तिथे कांद्यावर कोबाल्ट-६०चे गॅमा किरण अगदी थोड्या मात्रेत सोडतात, हेतू एवढाच की साठवणीत कोंब येऊ नये. कांद्याच्या पाकळ्यांतल्या पेशी वाढून झालेल्या असतात, त्यांना आता विभागायचं नसतं, म्हणून त्यांचं फारसं बिघडत नाही. मधोमध, बुडाशी दडलेल्या कोंबाच्या पेशी मात्र दोनाच्या चार व्हायची वाट बघत बसलेल्या असतात. किरणांनी त्यांचा डीएनए ठिकठिकाणी तुटतो आणि चार व्हायचं राहून जातं. पेशीपासूनच पेशी होते, हे जर्मन डॉक्टर फिर्खोने एकोणिसाव्या शतकात ठासून सांगितलं होतं. इथे ती साखळी एका कांद्यापुरती तुटते.

साध्या कांद्याला दिवाळीनंतर हिरवं टोक फुटतं, पाकळ्या मऊ पडतात, कारण आपली साखर त्या पोराला देऊन त्या रिकाम्या होत असतात. असा कांदा आई कुंडीत खोचते आणि पंधरवड्याने पातीचा झुणका होतो. किरण दिलेला कांदा कुंडीत खोचून उपयोग नाही. तो श्वास घेतो, त्याच्या पापुद्र्यात कणांची ये-जा चालू असते, मीठ लावलं की पाणी सोडतो, चिरला की रीतसर रडवतो. फक्त झुणक्यासाठी पात बाजारातून आणावी लागते.