चौथ्या चरणातली चार अक्षरं

मार्चमध्ये निफाडकडे गारा पडल्या, त्या आठवड्यात मी चर्चसाठी आभाराचं गीत लिहीत होतो. नाशिकच्या शरणपूरला आम्ही पाच-सहा जण गिटार, पेटी आणि ढोलकीवर नवी ख्रिस्ती गीतं बसवतो. पहिल्या खर्ड्यात कृपा, महिमा, करुणा असं सगळं होतं. मामांची द्राक्षबाग मात्र कुठेच नव्हती, आणि मी तर कालच तिथे उभा राहून आलो होतो. घड काढायला आले होते. खाली बघवत नव्हतं.

तो खर्डा मी फाडला. आभार खोटे नव्हते, पण त्या दिवशी ते माझ्या तोंडून आले नसते.

मग अभंगाकडे वळलो. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तभक्ती अभंगातून मांडली. मराठी चर्चमध्ये आम्ही त्यावरच वाढलो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आमच्या जवळच्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांनी 'स्मृतिचित्रे'त आपलं दुःख आणि घरातली भांडणं जशी मोकळेपणाने, हसत सांगितली, तसं गीतात का सांगू नये, हे माझ्या डोक्यात होतं.

मोठ्या अभंगाची मोजणी सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा अचानक आखूड येतो. सहा अक्षरांची सवय लागलेला कान तिथे थबकतो. माझ्या मते खरं बोलायची जागा तीच. मोठे शब्द तिथे मावतच नाहीत.

पहिलं कडवं असं झालं:

देवा तुझे ढग, वेळ विसरले,
मणी तडकले, काढणीला.

आधी मी 'सडले' म्हणत होतो, चरण भरायला आणखी एक अक्षर शोधत होतो. मामा फोनवर म्हणाले, "अरे, सडतात नंतर. आधी तडकतात." अक्षरंही बरोबर सहा बसली.

दुसऱ्या कडव्याला दोन आठवडे लागले. चिडून लिहिलं की नुसती तक्रार होई, जपून लिहिलं की प्रवचन. शेवटी मामांच्या ओट्यावर बसलेलो असताना सुचलं:

पंचनामा झाला, सही कोण करी?
तूच ये की घरी, चहा घेऊ.

गायनवृंदातल्या एका काकांना हे अजिबात पटलं नाही. "देवाला चहाला बोलावतोस?" मी म्हटलं, "काका, जक्कयाला येशूने झाडावरून खाली उतरवलं आणि आज तुझ्याच घरी उतरायचंय म्हणाला. तो आपणहून पाहुणा होतो." काका गप्प राहिले. मग पाळकसाहेबांनी बायबलमधलं स्तोत्र १३ उघडलं, 'किती वेळ' असं देवाला पुन्हा पुन्हा विचारणारं. त्यावर काकाच पेटीवर बसले.

चाल लावताना गिटारचा फार पसारा झाला होता. भजनी ठेक्यावर आलो, आणि 'चहा घेऊ'पाशी सगळी वाद्यं थांबवून फक्त टाळ ठेवला. तालमीत तिथे एक ताई हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा कळलं, ओळ बसली.

तिसरं कडवं मी लिहिलं होतं, पुन्हा बहर आल्याचं. सुरेल होतं. पण बाग तशीच उघडी पडली होती, म्हणून काढून टाकलं. स्तोत्र ८८ सुद्धा अंधारावरच संपतं, आणि ते पवित्र शास्त्रात तसंच ठेवलेलं आहे.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी गायलो. मामा मागच्या बाकावर होते. उपासना झाल्यावर बाहेर चपला घालताना म्हणाले, "मग आला का तो चहाला? पुढचं कुठंय?"

"अजून लिहिलं नाही, मामा."

"बरं केलंस. खरड छाटणी होऊ दे, वेलीचे डोळे फुटू देत. मग ये घरी, बसू लिहायला."