१८७ वर सुटलेला घाम

पेशंटची शुगरची वही हातात आली की आकडे वाचायच्या आधी मी शाई बघते. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणात असतील तर वही बाहेर बाकावर बसून भरलेली आहे असं खुशाल समजावं. खऱ्या वहीत खाडाखोड असते, मधले दिवस कोरे असतात, कुठेतरी रक्ताचा ठिपका सुकलेला असतो. शिवाय मनाने लिहिलेले आकडे हटकून शून्यावर नाहीतर पाचावर संपतात.

या सरांची वही त्यातही सरस होती. गणिताचे शिक्षक, निवृत्तीला टेकलेले. १२८, १३३, १४१, १२७ असे अगदी खरे वाटावेत असे आकडे. शाई मात्र एकच. आणि एचबीएवनसी या रक्ततपासणीचा आकडा १०.४, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर अडीचशेच्या आसपास. १३० च्या घरातल्या नोंदींची सरासरी २५० कशी येते, हे मी गणिताच्या शिक्षकाला काय विचारणार?

फाइलवर आधीच एक शेरा होता : 'पेशंट पथ्य पाळत नाही.' हा शेरा मला मनापासून आवडत नाही. तो लिहिला की लिहिणाऱ्याचं काम संपतं. त्याखाली दर भेटीला इन्सुलिन दोन युनिट, चार युनिट असं वाढत गेलेलं. आकडा चढला की डोस चढवायचा, नियमाने चूक काहीच नाही.

मी त्यांचा घरी शुगर मोजायचा मीटर मागितला. खरी वही तिथे असते. शेकडो रीडिंग तारीख-वेळेसकट साठलेली असतात, पण ती उघडून बघायला पाच मिनिटं लागतात आणि ओपीडीत ती पाच मिनिटं कुणाकडेच नसतात. त्यात आणखी एक गंमत आहे. बॅटरी बदलली की बऱ्याच मीटरचं घड्याळ मूळपदावर जातं आणि ते परत लावायच्या भानगडीत कुणी पडत नाही. यांचा मीटर सकाळी अकरा वाजता पहाटेचे चार दाखवत होता. सात तासांचा फरक धरून मी एकेक रीडिंग कागदावर उतरवायला घेतलं आणि चौथ्या-पाचव्या ओळीतच चक्रावले. रात्री २.४० ला १७२. ३.०५ ला २०९. सव्वातीनला २३८. दुसऱ्या रात्रीही तेच, तिसऱ्या रात्रीही. सकाळी उपाशीपोटी २८०, २९५. दीडशेच्या खाली अख्ख्या यादीत एकही आकडा नाही.

मध्यरात्री उठून तीन-तीनदा बोट टोचणारा माणूस बेफिकीर नसतो.

"सर, रात्री काय होतं?" मी विचारलं. ते गप्प. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "घाम येतो, हात थरथरतात. मग ग्लुकोज खातात. उशीखालीच ठेवलंय."

"१७२ असताना?"

"मशीनवर कसा विश्वास ठेवायचा, मॅडम? त्या रात्री मशीन शोधेपर्यंत संपलो असतो मी."

'त्या रात्री'ची गोष्ट कळायला आधी पोट तपासावं लागलं. बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी गाठ होती. वर्षानुवर्षं एकाच जागी सुई टोचली की कातडीखालची चरबी अशी घट्ट होते. ती पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. बोटांना थोडं जेल लावून हळूहळू फिरवायची, जिथे चिमूट नीट धरता येत नाही तिथे गाठ. हे काम मला छान जमतं, सांगायला संकोच नाही. अशा गाठीत सुई दुखत नाही म्हणून पेशंट तीच जागा धरून बसतात, पण इन्सुलिन तिथून रक्तात बेभरवशाचं जातं. सरांना कुणीतरी सांगितलं होतं, "जागा बदला." सल्ला अगदी योग्य. फक्त त्याबरोबर डोस कमी करायचा असतो, कारण चांगल्या जागेतून तेच इन्सुलिन जास्त पोचतं. ते सांगायचं राहून गेलं. सरांनी प्रामाणिकपणे तोच डोस मांडीत घेतला आणि मध्यरात्री शुगर ४१ वर आली. जीभ जड, कपडे ओलेचिंब, बायकोचं नाव आठवेना. सलाइनमधून ग्लुकोज गेलं तेव्हा शुद्धीवर आले. त्यानंतर सर पुन्हा गाठीवर गेले आणि ग्लुकोज उशीखाली आलं.

हे सगळं सांगता सांगताच त्यांच्या कपाळावर घाम फुटला. बोटं कापायला लागली. हात सरळ खिशाकडे, पुडी बाहेर. मी म्हटलं, "खा, अडवत नाही. पण आधी एक थेंब द्या." त्यांना हात धुवायला लावले, कारण बोटाला ग्लुकोजची भुकटी लागली असेल तर आकडा भलताच येतो. पाच सेकंदांनी स्क्रीनवर १८७.

"मशीन चुकू शकतं," ते म्हणाले.

"चुकतं की. शंभराच्या वरचं रीडिंग बहुतेक वेळा १५ टक्के इकडेतिकडे चालतं, तसा निकषच आहे. १८७ मधून १५ टक्के वजा करा."

माणूस घामाने निथळत होता, तरी उत्तर क्षणात आलं. "एकशे एकोणसाठ."

धोक्याची रेषा ७० ची. पुडी मुठीतच राहिली. पंधरा मिनिटांनी आम्ही पुन्हा मोजलं, १८१. थरथर तोवर ओसरली होती, काहीही न खाता.

इथपर्यंतची गोष्ट मी सांगितली की सहकारी म्हणतात, "म्हणजे ॲन्झायटी." मला ते तितकं सरळ वाटत नाही. शुगर उतरते तेव्हा शरीर ॲड्रिनलिन सोडतं, त्यानेच घाम, धडधड, थरथर होते. माणूस घाबरतो तेव्हाही तेच ॲड्रिनलिन आणि तीच थरथर. लक्षणांवरून पेशंटला फरक कळावा ही अपेक्षाच चुकीची. वर तेच ॲड्रिनलिन यकृतातली साखर बाहेर काढतं, म्हणजे नुसत्या भीतीनेही शुगर चढते. आणि महिनोन्‌महिने २८० वर राहिलेल्या शरीराला १७२ हीच घसरण वाटते, ते खोटा का होईना पण खऱ्या घामाने इशारा देतं. मग रात्री दोन-चाळीसची ती थरथर मनाची होती की शरीराची? मीटर त्या वेळची शुगर सांगतो, हे सांगत नाही.

आणि हे चक्र फिरवायला आमच्या खात्याचा हातभार होताच. भीतीने ग्लुकोज, ग्लुकोजने शुगर वर, शुगर वर म्हणून डोस वर, डोस वर म्हणून भीती दुप्पट. चढलेल्या शुगरने रात्रभर लघवीला उठायचं, झोपेचं खोबरं, दिवसभर मरगळ, वर्गात चिडचिड. आणि ओरडा बसू नये म्हणून खोटी वही.

मानसोपचार विभागाकडे पाठवलं तर तिथून चिठ्ठी आली, 'आधी शुगर आटोक्यात आणा.' इथून तिकडे, तिकडून इथे. तिथे भरून घेतलेल्या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता असे निदान चार प्रश्न नुसत्या चढलेल्या शुगरनेही 'हो' येतात. सतराव्या शतकात थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने मधुमेहाचा संबंध दीर्घ दुःखाशी जोडला होता. आम्ही मात्र दोन्हीचे मजलेसुद्धा वेगळे ठेवलेत.

शेवटी आमच्या मोठ्या डॉक्टरांना मी तो हाताने उतरवलेला कागद दाखवला. त्यांनी डोस चक्क कमी केला. एचबीएवनसी १०.४ असताना! गाठीची जागा सोडून नव्या जागी, कमी युनिट, आणि काही काळ शुगर थोडी वर राहिली तरी चालेल असं सरांना तोंडावर सांगितलं. दंडाला सतत शुगर मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर लावला, शुगर ७० वर उतरायच्या आधीच वाजणारा. त्याच आठवड्यात मानसोपचाराची वेळही मागून घेतली, शुगरची वाट न बघता.

पुढच्या तपासणीत एचबीएवनसी ८.९ आला. सर रात्री सलग झोपतात. वही आता लिहीत नाहीत, मीही मागत नाही.

अडलंय ते सेन्सरपाशी. डॉक्टरांचं म्हणणं, काम झालं, आता काढू, आठवड्यातून ठरावीक वेळा बोट टोचलं की पुरे. मी विरोधात आहे. सर दर दहा मिनिटांनी फोन बघतात हे मला दिसतं आणि ती सवय चांगली नाही हेही मान्य. पण काढायचा तर दिवसा आधी काढावा, रात्री काही महिने राहू द्यावा, असं मी म्हटलं. डॉक्टर हसले. सेन्सर चौदा दिवस दंडाला चिकटलेला असतो, दिवसा काढून रात्री लावायची सोयच नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग दिवसा फोन तरी बायकोकडे द्यावा. ते सरांच्या पत्नींना पटलंय, सरांना अजून नाही.