साबणाचा फेस

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी न्हाणीत गेलं की आधी तांब्यात डोकवायचं, ही शिस्त. न पाहता पाणी घेतलं की तांब्याच्या आत चिकटलेलं थंडगार काहीतरी पाठीवर पडतं आणि भलेभले ओलेतेच पडवीत येतात. आमच्या जावईबापूंनी पहिल्याच मुक्कामात अंगणापर्यंत मजल मारली होती. पंचा सुटला नाही, एवढंच नशीब.

हा झाडबेडूक. मी मात्र त्याला झाडावर फार क्वचित पाहिलाय. न्हाणीची भिंत, पडवीतला कंदील, वळचणीचा वासा, हीच त्याची झाडं. इंग्रजीत याला चुनाम फ्रॉग म्हणतात. चुनाम म्हणजे आपलाच चुना. चुन्याच्या भिंतींवर हा हमखास सापडणार, मग दुसरं नाव कशाला? दिवसा हातपाय पोटाखाली मुडपून, डोळे अर्धे मिटून, फिकट पिठूळ रंगाचा होऊन बसतो. भिंतीचा पोपडा सुटलाय असंच वाटतं. रात्री रंग गडद करून किडे टिपायला निघतो. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, त्यांच्यावर षटकोनी पेशींची बारीक फरसबंदी आणि फटींतून चिकट ओल. म्हणून गुळगुळीत टाइलवरही घसरत नाही, आणि आम्ही रोज घसरतो.

बेडूक म्हणजे ओलावा आलाच, मग हा कोरड्या भिंतीवर तासन्‌तास टिकतो कसा? अंगातून पाझरणारा तेलकट द्रव तो पायांनी अंगभर पुसून घेतो. त्यामुळे कातडीतलं पाणी उडून जात नाही. आपण थंडीत खोबरेल चोळतो, तशातलाच प्रकार. फक्त याची बाटली आतच.

पण खरी गंमत मिरग लागल्यावर. न्हाणीमागे आमची चिऱ्याची जुनी डोण आहे. एका सकाळी तिच्या आतल्या कडेला, पाण्याच्या वर वीतभर, पांढरा फेसाचा गोळा दिसला. कुणीतरी साबण लावून तसाच टाकला म्हणून मी खराटा उचलला, तेवढ्यात काकी मागून ओरडली, "अरे, हात लाव नको! साबण न्हय तो, बेडकाची अंडी आसत ती."

आदल्या रात्री पाऊस चालू असताना डोणीकडून टकटक ऐकू येत होती, कुणी बोटाच्या पेराने फळी ठोकावी तशी. नर हाका घालत होता. मादी अंगातून पाझरलेला द्रव मागच्या पायांनी घुसळते, अंड्याचा पांढरा फेटावा तसा, आणि त्या फेसात अंडी घालते. फेस वरून वाळून कडक होतो, आत ओलाच राहतो. काही दिवसांनी तो खालून विरघळतो आणि पिल्लं टपाटप पाण्यात. म्हणजे खाली पाणी असायलाच हवं; जागा निवडताना बाईसाहेबांनी तेवढं बघितलेलं असतं. आपण कूपमंडूक म्हणून हिणवतो, पण हा तर अंडीसुद्धा पाण्याच्या वर टांगतो.

काकीने पुढचा महिनाभर डोणीला हात लावू दिला नाही. सगळे विहिरीवरून बादल्या ओढत होतो. आधीच्या वर्षी असाच एक गोळा मी खराट्याने घासून टाकला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आंबोलीला गेलात तर याचे नातेवाईक भेटतात, आणि तिथे आमच्या न्हाणीवाल्याचा अगदीच गावठी अवतार वाटायला लागतो. मलबारी उडता बेडूक हिरवागार, बोटांमधले पडदे लालभडक. ते पसरून नऊ ते बारा मीटर तरंगत जातो. तोही फेसच करतो, पण पाण्यावर वाकलेल्या पानांवर. त्याच जंगलात बोटाच्या पेराएवढा एक झुडूपबेडूक आहे, ज्याच्या नावातच आंबोली आहे. शास्त्रात त्याची नोंद झाली 2009 साली, बिजू आणि बोसुइट यांच्याकडून. त्याला तळंही नको, डोणही नको. अंड्यातून शेपटीवाली पिल्लं न येता थेट इवलेसे बेडूकच बाहेर पडतात. मधली सगळी शाळाच वगळलेली.

यंदा न्हाणीचं बाथरूम झालं. टाइल्स, शॉवर, कमोड. तांब्या माळ्यावर गेला. आता कुठे बसणार बिचारा, म्हणून मला उगाचच वाईट वाटत होतं. पंधरा दिवसांत फ्लश बिघडला. प्लंबरने टाकीचं झाकण उचललं आणि दोन पावलं मागे सरला.

"फ्लोट बदलतंय," तो म्हणाला, "पण आधी ह्येका भायर काढा."