कन्हानच्या वाळूतला गोबी

माझं पोट लग्नांच्या फोटोंवर चालतं. त्यामुळे एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी चार्टसाठी कन्हान नदीतल्या गोबी माशाचे फोटो मागितले, तेव्हा मी आधी पैशांचं बोललो, मासा कोणता ते नंतर विचारलं.

फेब्रुवारीत पाणी उतरलं की कामठीजवळ वाळूत डबकी उरतात. कोकणातलं ओहोटीचं डबकं काही तासांत भरतीनं पुन्हा भरतं. इथलं पावसाळ्याची वाट बघत आटत जातं. त्यात हा ग्लॉसोगोबियस ग्युरिस. बोटाएवढा, वाळूच्याच रंगाचा, कुशीवर काळपट डाग. पोटाखालचे दोन पर जुळून वाटी झालेली, तिच्यावर टेकून तळाशी निवांत बसतो. मला नुसती वाळू दिसत होती. सोबतचे ढीवर काका म्हणाले, "भाऊ, मासा नका पाहू, डोये पाहा. थे पाहा, दिसून रायले ना!"

दिसले.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक कापणारा फिल्टर, तिरप्या कोनातच पाण्याची चमक मारतो, सरळ वरून घेतलं तर त्याचा उपयोग नाही. म्हणून चमक अडवायला काकांच्या हाती काळी छत्री दिली. एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर खऱ्याएवढीच प्रतिमा घेताना, लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक केलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली फोकसमध्ये येते. डोळा धारदार आला की तोंड धूसर. त्यात मासा कल्ले हलवणारच.

खरी गंमत पुढे झाली. मोजमापासाठी मॅडमनी तो पांढऱ्या ट्रेमध्ये घेतला आणि आमच्या डोळ्यांदेखत तो फिका पडत गेला. कुशीवरचे डाग पार विरले. खालची जमीन उजळ दिसली की कातडीच्या रंगपेशींतलं काळं द्रव्य मध्याकडे गोळा होतं, असं मॅडमनी सांगितलं. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या खडकांतल्या गोबींवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा बदल मिनिटाभरात दिसला होता म्हणे. पांढऱ्यावर काढलेल्या माशांच्या फोटोंवरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

मग काचेच्या छोट्या टाकीत त्याच डबक्यातली वाळू घातली, गढूळपणा बसू दिला, फ्लॅश बाजूनं लावला. डाग परतले. काम झाल्यावर काकांनीच त्याला डबक्यात सोडलं.

चार्टवर मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी लावले. छापणाऱ्याचा फोन आला, वाळूवरचा जरा उजळ करून देऊ का? हात लावू नको म्हटलं.