रॅटलबॅक अखेर उलटा फिरला!

मंडळी, रॅटलबॅक म्हणजे होडीसारख्या पोटाचं लांबट खेळणं, एका दिशेने फिरवलं की थांबून आपणहून उलटं फिरतं. मी लाकडाचा बनवतोय, आणि काल रात्री साडेअकराला झालं एकदाचं. घड्याळाच्या दिशेने फिरवला, चार-पाच वेढे गेला, मग टोकं वरखाली डुलायला लागली, थांबला आणि आपणहून उलटे पूर्ण दोन वेढे! आईला उठवून दाखवलं.

लाकूड मिरजेच्या सतारमेकरांकडनं आणलेलं, तूणीचा (सतारीसाठी वापरतात ते लाकूड) तुकडा, 16 सेंमी. तीन आठवडे हा नुसता डुलून गप्प बसायचा. मला वाटायचं वजनाचा घोळ, म्हणून वजनासाठी वर चिकटवलेले पितळी नट कितीदा हलवले, खाली कडाप्पा झाला, स्टीलचं ताट झालं, काच झाली, फरक शून्य. शेवटी पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर टाकला, वर हा ठेवून हलकं दाबलं तर ठिपक्याऐवजी चांगला 12 मिमीचा पट्टा उमटला! पोट, म्हणजे खालची गोलसर बाजू, मधोमध सपाट, कानशीने घासताना झालेलं. सपाट पोटावर तो मोकळेपणी डुलणार कसा, आणि ते डुलणंच तर पुढं उलट्या फिरण्यात बदलतं ना. मग कानस ठेवूनच दिली, फोमच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळला, आधी 220 नंबरचा मग 400, दर पाच मिनिटाला कार्बन टेस्ट. ठिपका उमटला तेव्हा काय बरं वाटलं सांगू.

नट लांबीच्या रेषेवर नकोत, कर्णावर समोरासमोर हवेत. पोटाच्या गोलाईचे अक्ष आणि जडत्वाचे अक्ष (वजन कसं पसरलंय त्यावर ठरणारे) एकमेकांशी तिरके असले तरच हा उलटतो. 1896 मध्ये याचं गणित गिल्बर्ट वॉकर यांनी मांडलं, तेच वॉकर जे 1904 ला आपल्या हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि मान्सूनच्या अंदाजामागे लागून सदर्न ऑसिलेशनपर्यंत (प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचे झोके) पोचले. मला हा माणूस लय आवडतो. आज सकाळी नट दुसऱ्या कर्णावर नेले तर उलटायची दिशाही बदलली! नट आधी डबल टेपवर लावा, जागा पक्की झाली की इपॉक्सी, झटपट गोंदाने माझे दोनदा निखळले.

आता शिसवीचा मोठा करणार होतो पण लिहिता लिहिताच सुचलं, नट पितळी पट्टीच्या दोन टोकांना लावायचे आणि पट्टी मधोमध स्क्रूवर फिरती ठेवायची. पट्टी लांबीच्या रेषेत, म्हणजे 0 अंशाला, उलटायला नको, 90 लाही नको, मधे कुठंतरी सगळ्यात जोरात. पाच-पाच अंशांनी वेढे मोजतो. शिसव थांबेल. 3 मिमीचा स्क्रू घरात आहे, पट्टी उद्या गणपती पेठेतनं आणतो.