पांढरा रंग छापता येत नाही

बेळगावच्या शहापुरातला आमचा छापखाना लहान आहे. एक सिंगल कलर ऑफसेट, एक कटिंग मशीन, दोन कॉम्प्युटर. वर्षभर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल. निवडणूक लागली की छापखानेवाल्यांची बैठक बोलावतात आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम 127 क वाचून दाखवतात. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, प्रकाशकाचं घोषणापत्र दोन साक्षीदारांसह हवं, छापल्यावर तीन दिवसांत चार प्रती आणि किती छापलं, किती पैसे घेतले त्याचं प्रपत्र कचेरीत पोचायला हवं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोकांना वाटतं इलेक्शनात आमची चांदी होते. पडलेल्या उमेदवाराचं बिल वसूल करून दाखवा म्हणावं.

2023 ची कर्नाटक विधानसभा, मतदान 10 मे ला. एप्रिलअखेर एका उमेदवाराच्या ऑफिसातला पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. मतदारसंघ सांगत नाही, पक्ष सांगत नाही, ते निवडून आले की पडले तेही सांगत नाही. बेळगावात तेवढ्यावर माणूस ओळखतात.

काम एकच, पत्रकं चार. मराठी गावांसाठी भगवी किनार आणि कपाळाला टिळा. लिंगायत गावांसाठी कन्नड मजकूर आणि विभूती. आंबेडकरी वस्त्यांसाठी निळी किनार, बाबासाहेबांचा फोटो, कपाळ मोकळं. आणि शहरातल्या दोन-चार मोहल्ल्यांसाठी उर्दू मजकूर, डोक्यावर पांढरी जाळीदार टोपी. आश्वासनं चारीकडं तीच.

"अक्का, फोटो एकच हाय," पोरगा म्हणाला. "कपाळ तेवढं तुम्ही बघून घ्या की."

त्याचा हिशोब असा, की फोटो एक असला की रंगाच्या प्लेटी (दर शाईला एक वेगळा पत्रा लागतो, ती प्लेट) त्याच राहतील, फक्त काळी बदलायची. इथं धंद्यातली गोष्ट सांगायलाच हवी. साध्या चाररंगी ऑफसेटमध्ये पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे कोरा कागद. विभूतीचे तीन पट्टे ओढायचे तर निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या अशा चारही प्लेटींवर तेवढी जागा सोडावी लागते. अगदी कोरी सोडली तर ऑइल पेंट फासल्यासारखं दिसतं, म्हणून मी काळ्याची पाच टक्के, बारीक ठिपक्यांची जाळी दिली, तेव्हा कुठं राख राखेसारखी दिसली. टोपीचं तेच. टिळ्याला लाल-पिवळं वाढवायचं आणि निळं काढायचं. म्हणजे प्लेटी सगळ्याच नव्या. चारी पत्रकं एका शीटवर बसवली असती तर एका सेटमध्ये भागलं असतं, पण मग चारी सारख्याच संख्येत निघतात, आणि त्याला मराठी वीस हजार, उर्दू चार हजार हवी होती. शेवटी प्लेटी वेगळ्या केल्या. आमच्या मशीनवर चार रंग म्हणजे कागद चार वेळा आत घालायचा. दरम्यान हवा दमट झाली की कागद ताणतो, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, हलतं आणि विभूतीच्या कडेला गुलाबी रेघ उमटते. आमच्या गठ्ठ्यांत कुठं ती रेघ दिसली तर सांगा.

मशीनवर सासऱ्यांच्या वेळेपासूनचे चाचा. त्यांनी प्रूफ उचललं, चारी चेहरे एका शीटवर. बघितलं, ठेवलं, शाईच्या डब्याकडं वळले. बोलले काही नाहीत.

पेन ड्राइव्हवर उमेदवाराचे घरचे फोटोही होते. त्यातला एक अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. पहाटेची वेळ असावी. उघडं अंग, दंडावर-कपाळावर खरी विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, लिंगायत गळ्यात बाळगतात ते, आणि नजर त्याच्यावर. मी म्हटलं, कन्नड पत्रकाला हाच लाव की रे, मला कपाळ रंगवायला नको. पोरगा हसला. "तोंड कुठं दिसतंय, अक्का? मतदाराकडं बघायला पायजे." धंद्याच्या नजरेनं त्याचं बरोबरच होतं. मान खाली घातलेला माणूस पत्रकावर चालत नाही. म्हणून खरी विभूती बाजूला राहिली आणि माऊसनं ओढलेली छापून गेली.

इथवर मला विशेष काही वाटलं नव्हतं. मे च्या पहिल्या आठवड्यात तोच पोरगा परत आला, तो दिवस डोक्यातून जात नाही. 2 मे ला काँग्रेसच्या जाहीरनाम्यात बजरंग दलाचा उल्लेख आला होता आणि पंतप्रधानांच्या सभांतून 'जय बजरंगबली' सुरू झालं होतं. पोरग्याला मराठी पत्रक आणखी पाच हजार हवं होतं, कोपऱ्यात मारुती घालून.

मी नाही म्हटलं. कलम 123(3) प्रमाणं धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचार ठरतो. 2 जानेवारी 2017 ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं सांगितलंय की त्यात नुसता उमेदवाराचाच नाही, मतदाराचाही धर्म येतो. (त्या यादीतल्या 'भाषा' या शब्दानं आम्हा सीमाभागातल्या मराठी छापखान्यांना जेवढं जागवलंय तेवढं मारुतीनं नाही. भाषेसाठी झटेन असं छापलेलं चालतं, मराठी आहे म्हणून मत द्या हे चालत नाही. त्या दोन वाक्यांमधून वाट काढण्यात आमच्या कितीतरी रात्री गेल्यात.)

"सभेत एवढे मोठे मोठे म्हणतात ते चालतंय, आणि माझा कोपऱ्यातला मारुती चालत नाही?"

"सभेच्या खाली माझ्या प्रेसचं नाव नसतंय रे."

त्याचा प्रश्न मात्र रास्त होता. माइकवरून काहीही जातं आणि कागदाला चार प्रती द्याव्या लागतात, ही व्यवस्था कुणी डोळसपणे केली असेल असं मला वाटत नाही.

मारुतीचा नाद सोडून तो गठ्ठे मोजायला लागला. मराठी गाडीत गेले, कन्नड गेले, निळे गेले. उर्दू गठ्ठा त्यानं पायानं जरा भिंतीकडं सरकवला. "हे राहू देत इथंच. आता वाटायचं नाही असं ठरलंय. कोणीतरी फोटो काढून दुसरीकडं फिरवला तर पंचाईत."

चाचा चार पावलांवर रोलर पुसत होते.

पोरगा गेल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, मनावर घेऊ नका चाचा, इलेक्शन आहे. तर म्हणाले, "टोपी घातली काय न् काढली काय अक्का, ते बघून आम्ही मत देत नाही. गल्लीत काय दंगा झाला तर रात्री दोनला फोन उचलतोय काय, तेवढं बघायचं. गठ्ठा ठेवून गेलाय. फोन पण उचलणार नाही."

"साहेबांना माहीत पण नसेल. पोरांनी ठरवलं असेल."

"मग फोन पण पोरंच उचलतील."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आत्तापर्यंत माझं मत सरळ होतं. पुढाऱ्याचा देव त्याच्या देवघरात, मतदाराला त्याचं काय. आमच्याच जिल्ह्यात यमकनमर्डीचे आमदार सतीश जारकीहोळी 6 डिसेंबरला सदाशिवनगरच्या स्मशानात कार्यक्रम घेतात, अंधश्रद्धेवर बोलतात. 2022 मध्ये निपाणीत 'हिंदू' शब्दाच्या उगमावर बोलले, केवढा गदारोळ झाला, विधान मागं घ्यावं लागलं. सहा महिन्यांत त्याच मतदारसंघानं त्यांना पुन्हा निवडून दिलं. त्या गावांतल्या जत्रा काही बंद पडलेल्या नाहीत. म्हणजे लोक देव आणि मत वेगळं ठेवू शकतात.

पण तो पहाटेचा फोटो मधे येतो. ह्या माणसाची भक्ती खोटी नव्हती. कन्नड पत्रकाच्या माथ्यावर बसवण्णांचं वचन मीच बसवलं होतं, नुडी या कन्नड सॉफ्टवेअरात कंपोझ करून. अर्थ असा, की हा कोणाचा कोण असं म्हणायला लावू नकोस, हा आमचाच असं म्हणायला लाव. हे वचन छापून वाटणाऱ्याचा एक गठ्ठा भिंतीला टेकून राहतो. धर्माच्या नावावर मत मागायला कायद्यानं बंदी आहे. तुझ्याच धर्माप्रमाणं हा गठ्ठा इथं का राहिला, असं मतदारानं विचारायला कुठंच बंदी नाही. आणि हे विचारायचं तर त्याचा धर्म मतदाराला माहीत असायला हवा. तिथं माझं जुनं मत लटपटतं. चाचांना हे पटत नाही. ते म्हणतात, "धर्म विचारायला लागलात की पहिल्यांदा आमचाच विचारतील."

निकालानंतर पोरगा बिल कमी करायला आला. उर्दू चार हजार वाटलेच नाहीत, त्याचे धरू नका म्हणाला. मी प्रपत्राची स्थळप्रत पुढं केली. चार हजार छापले असं माझ्या सहीनं कचेरीत गेलेलं, खर्चाच्या हिशोबात धरलेलं. जरा घासाघीस करून पूर्ण पैसे दिले त्यानं. गठ्ठ्याचं काय करू विचारलं तर म्हणाला, रद्दीत घाला. दोन्ही बाजूंनी छापलेला कागद, पावतीपुस्तकाच्या पाठीलाही चालत नाही. रद्दीवाल्याकडं न्यायच्या आधी चाचांनी त्यातली पाच-पन्नास काढून घेतली. कशाला, ते मी विचारलं नाही.